ट्रॅकवर बाइकला ॲक्शन कॅमेरा कसा लावायचा? जागा, माउंट, सेफ्टी दोरी आणि सेटिंगची पूर्ण माहिती

रस्त्यावरच्या राइडचे व्हिडिओ आपण रोज बघतो. ते बघून बरेच जण कॅमेरा घेतात, सोबत आलेला स्टिकर टाकीवर चिकटवतात आणि निघतात. गावाकडच्या रस्त्यावर ५० च्या स्पीडला हे चालूनही जातं. ट्रॅकवर मात्र तोच कॅमेरा, तोच स्टिकर आणि तीच टाकी वेगळ्या पद्धतीनं वागतात. वारा जास्त, ब्रेक जोरात, इंजिन सतत वरच्या आरपीएमला, आणि तुमच्या मागे काही मीटरवर दुसरा रायडर.

म्हणून या लेखात एक गोष्ट पक्की धरून चालू: ट्रॅकवर कॅमेरा लावणं म्हणजे बाइकला एक नवीन पार्ट बसवणं. ब्रेक कॅलिपर किंवा फूटपेग बसवताना आपण "सुटला तर काय होईल?" असा विचार करतो. कॅमेऱ्याच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच हवा. व्हिडिओ कसा दिसेल, हा प्रश्न दुसरा.

## ट्रॅक डे म्हणजे काय, आणि कॅमेरा कशाला?

ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. फी भरायची, बंद सर्किटवर जायचं आणि साधारण १५-२० मिनिटांच्या सेशनमध्ये बाइक चालवायची. समोरून गाडी येत नाही, खड्डे नाहीत, कुत्री आडवी येत नाहीत. भारतात यासाठीची ओळखीची नावं म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथलं मद्रास इंटरनॅशनल सर्किट (सुमारे ३.७ किमी), कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे (सुमारे २.१ किमी) आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट (५.१२५ किमी). पुण्या-मुंबईचे रायडर यासाठी बाइक ट्रकवर चढवून चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठतात. एवढा खर्च करून मिळालेल्या चार-पाच सेशनमधून जास्तीत जास्त शिकायचं असेल तर व्हिडिओ खूप उपयोगी पडतो. कुठे ब्रेक मारला, वळणात नजर कुठे होती, शरीर किती बाहेर काढलं, हे चालवताना लक्षात राहत नाही.

कॅमेरा लावण्याआधी ठरवा, की तुम्हाला नक्की काय बघायचंय:

- लाइन आणि ब्रेकिंग पॉइंट बघायचे असतील तर पुढे बघणारा कॅमेरा.
- शरीराची पोझिशन बघायची असेल तर मागून, शेपटीवरून पुढे बघणारा कॅमेरा.
- हात, थ्रॉटल, मीटर बघायचे असतील तर टाकीच्या पुढच्या भागातून दिसणारा व्ह्यू.

तिन्ही एकाच जागेवरून नीट मिळत नाही. एका सेशनला एकच ठरवा.

## सुटलेला कॅमेरा: आकडे बघा

गोप्रोच्या हीरो मालिकेतल्या अलीकडच्या कॅमेऱ्यांचं वजन बॅटरीसकट १५५ ग्रॅमच्या आसपास असतं. क्रिकेटचा सीझन बॉलही जवळपास तेवढाच, १५६ ते १६३ ग्रॅम. तुमच्या बाइकवरून पडलेला कॅमेरा ट्रॅकवर उसळत असताना मागचा रायडर १५० किमी वेगानं आला, तर त्याच्यासाठी तो १५० च्या वेगाचा बाउन्सर असतो. फरक इतकाच की या बॉलला कोपरे आहेत आणि तो कुठून येणार हे माहीत नसतं. अंगावर आला नाही तरी वळणात झुकलेल्या टायरखाली येऊ शकतो, आणि तिथे रायडर पडायला तेवढं पुरतं.

आता वाऱ्याचा हिशेब. कॅमेऱ्याचा समोरचा भाग साधारण ७ सेंमी बाय ५ सेंमी. १५० किमी वेगाला त्यावर वाऱ्याचा जोर अंदाजे ४०० ग्रॅम वजनाएवढा येतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. ७५ च्या वेगाला घट्ट वाटलेला माउंट १५० ला चौपट ताण सोसत असतो. "रस्त्यावर कधी पडला नाही" हा ट्रॅकसाठी पुरावा होत नाही, तो यामुळेच.

## फोनच लावला तर?

कॅमेरा महाग आहे, फोन खिशात आहे, त्यामुळे हा विचार येणं साहजिक आहे. पण ट्रॅकवर फोन बाइकला लावू नका.

आजच्या बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन असतं. यात लेन्स किंवा सेन्सर छोट्या चुंबकांच्या जोरावर हलता ठेवलेला असतो, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर येतो. इंजिनची सततची थरथर या नाजूक रचनेला सहन होत नाही. ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये याबद्दल अधिकृत सूचना दिली होती: जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडल किंवा चॅसीतून येणाऱ्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची कामगिरी खालावू शकते, त्यामुळे अशा बाइकला आयफोन लावू नये. मोपेड आणि स्कूटरवर लावायचाच असेल तर कंपन शोषणारा माउंट वापरा, असंही त्यात म्हटलं होतं.

ॲक्शन कॅमेऱ्यात लेन्स साधारणपणे पक्की बसवलेली असते. चित्र स्थिर करायचं काम सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे थरथरीनं खराब होईल असं हलतं काही त्यात नसतं.

## कुठे लावायचा?

प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारा. बाइक पडली तर कॅमेरा जमिनीला लागेल का? मी पुढे फेकलो गेलो तर माझ्या अंगाला लागेल का? हँडल पूर्ण वळलं किंवा सस्पेन्शन पूर्ण दबलं तर कशात अडकेल का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर जागा बदला.

शेपटी (टेल). शिकण्यासाठी सगळ्यात कामाची जागा. मागून पुढे बघणारा कॅमेरा तुमची पाठ, कंबर, खांदे आणि पुढचा ट्रॅक असं सगळं दाखवतो. पण शेपटीचं प्लॅस्टिक पातळ असतं आणि खूप थरथरतं. पिलियनचं ग्रॅब रेल काढलेलं असेल तर त्याच्या बोल्टची भोकं बऱ्याच बाइकमध्ये थेट सबफ्रेमच्या लोखंडात असतात. तिथे छोटी पट्टी बसवून त्यावर माउंट लावला तर पकड चांगली मिळते.

फेअरिंगच्या आत, मीटरजवळ. मीटर धरणारी धातूची पट्टी असेल तर त्यावर क्लॅम्प बसतो. कॅमेरा विंडस्क्रीनच्या आडोशाला राहतो, वारा कमी लागतो आणि आवाजही बरा येतो. तोटा असा की विंडस्क्रीनवरचे किडे, ओरखडे आणि उन्हाची चमक व्हिडिओत येते.

स्टिअरिंगच्या मधल्या भोकात. बऱ्याच स्पोर्ट बाइकच्या वरच्या क्लॅम्पवर मधोमध पोकळ नट असतो. त्यात आतून फुगून घट्ट बसणारा माउंट मिळतो. जागा मधोमध आणि मजबूत आहे. हँडल वळलं की कॅमेराही वळतो, पण ट्रॅकवरच्या वेगाला हँडल फारसं वळत नाही, त्यामुळे चालून जातं.

टाकी. सोपी, म्हणून सगळ्यांची आवडती. पण जोरात ब्रेक मारल्यावर शरीर टाकीवर सरकतं, आणि सरळ पट्ट्यावर वाकून बसल्यावर हनुवटी टाकीच्या अगदी वर येते. लावायचाच असेल तर झाकणाच्याही पुढे, हँडलच्या बाजूला लावा. आधी पूर्ण गिअर घालून, हेल्मेटसकट बाइकवर बसा, वाका, दोन्ही बाजूंना बाहेर निघा. कुठेही कॅमेरा लागत असेल तर ही जागा सोडा.

हँडल. क्लिप-ऑन हँडलवर जागा कमी असते. ब्रेक, क्लच आणि केबलच्या वाटेत काहीही येता कामा नये. टाळलेलं बरं.

क्रॅश गार्ड, फ्रेम स्लायडर, फूटपेगजवळ. ट्रॅकसाठी नको. बाइक झुकल्यावर आणि पडल्यावर आधी हेच भाग जमिनीला लागतात.

फोर्कचा खालचा भाग, स्विंगआर्म, एक्सल. हे भाग चाकाबरोबर हलतात. रस्त्याचा प्रत्येक धक्का सस्पेन्शनमधून न जाता थेट कॅमेऱ्याला बसतो, आणि सुटला तर चाकात किंवा चेनमध्ये जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

छाती. स्पोर्ट बाइकवर वाकल्यावर छातीवरच्या कॅमेऱ्याला टाकीच दिसते. शिवाय पडल्यावर छाती आणि जमीन यांच्यामध्ये एक कडक ठोकळा येतो.

## हेल्मेटवर का नको?

हेल्मेटवरून येणारा व्ह्यू सगळ्यात भारी दिसतो, हे खरं आहे. तरीही अनेक ट्रॅक डे आयोजक हेल्मेटवर कॅमेरा चालवून घेत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे.

हेल्मेट बाहेरून गोल आणि गुळगुळीत असतं, म्हणजे पडल्यावर डोकं डांबरावर घसरत जातं. बाहेर आलेला कॅमेरा जमिनीत अडकला तर घसरणं थांबतं आणि तोच जोर मानेला पीळ देतो. डोकं झटक्यानं फिरण्याचा धोका आता हेल्मेटच्या नियमांतही धरला जातो. युरोपच्या ईसीई २२.०६ या मानकात तिरक्या आघाताची आणि डोक्याच्या फिरण्याची चाचणी आली. हेल्मेटवर लावायच्या ॲक्सेसरीचा विचारही त्यात केला आहे. बाजारातून आणून चिकटवलेला माउंट घेऊन तुमच्या हेल्मेटची चाचणी झालेली नसते.

रस्त्यावरही हा विषय वादाचा झालाय. केरळच्या मोटार वाहन विभागानं २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाईची भूमिका घेतली होती.

## कशानं धरायचा?

बोल्ट. सगळ्यात भरवशाचा. कॅमेरा धरणाऱ्या "बोटांमधला" हातानं फिरवायचा प्लॅस्टिकचा स्क्रू काढा आणि त्याजागी स्टीलचा ॲलन बोल्ट व नायलॉक नट वापरा. नायलॉक म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला नट, तो थरथरीनं सहज सुटत नाही. इथे एक काळजी घ्या: बोल्टवर लावायचं पातळ थ्रेडलॉकर प्लॅस्टिकच्या माउंटजवळ वापरू नका. बऱ्याच प्लॅस्टिकला त्यानं बारीक तडे जातात आणि माउंट ऐन वेळी तुटतो.

क्लॅम्प. गोल पाइपवर चांगला. पाइपच्या जाडीला जुळणारा धातूचा क्लॅम्प घ्या. मध्ये अगदी पातळ रबराची पट्टी चालेल, जाड रबर नको.

स्टिकर. कॅमेऱ्यासोबत येणारे स्टिकर फोमसारख्या ताकदवान दुहेरी टेपचे असतात. नीट लावले तर ते खूप धरतात. पण "नीट" यात बऱ्याच गोष्टी येतात:

- जागा सपाट आणि गुळगुळीत हवी. खरखरीत काळ्या प्लॅस्टिकवर आणि मॅट फिनिशवर पकड कमी मिळते.
- पॉलिश, वॅक्स, चेनचं तेल यांचा अंशही नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा आणि सुकू द्या.
- वक्र जागेला वक्र स्टिकर, सपाट जागेला सपाट.
- लावल्यावर सगळ्या बाजूंनी जोरात दाबा.
- आणि वाट बघा. अशा टेपची पकड पहिल्या २० मिनिटांत साधारण निम्मी होते, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. सकाळी पॅडॉकमध्ये स्टिकर चिकटवून अर्ध्या तासात ट्रॅकवर उतरायचं म्हणजे अर्ध्या पकडीवर पूर्ण वेग. स्टिकर दोन-तीन दिवस आधी, घरीच लावा.

सक्शन कप आणि नुसते चुंबकाचे माउंट. ट्रॅकसाठी नाहीत. कॅमेऱ्याला झटपट काढ-घालीची चुंबकी पट्टी असेल तर तिचा उपयोग घरी करा, ट्रॅकवर स्क्रूचाच जोड वापरा.

## सेफ्टी दोरी: दुसरी फळी

माउंट कितीही चांगला असला तरी टेदर, म्हणजे सेफ्टी दोरी, लावायचीच. पातळ स्टीलची वायर किंवा मजबूत नायलॉनची दोरी चालेल. नियम तीन:

१. दोरी माउंटला बांधू नका. माउंटच सुटला तर दोरीही त्याच्यासोबत जाईल. दोरीचं एक टोक कॅमेऱ्याच्या फ्रेमला आणि दुसरं बाइकच्या वेगळ्या, पक्क्या भागाला बांधा.

२. दोरी आखूड ठेवा. कॅमेरा माउंटमधून काढा आणि दोरीवर लोंबकळू द्या. तो हातानं सगळीकडे फिरवा. चाक, चेन, ब्रेक लिव्हर, हँडल यांपैकी कशालाही पोहोचत असेल तर दोरी अजून आखूड करा.

३. सैल लूप नको. हातमोज्याचं बोट किंवा थ्रॉटलची केबल त्यात अडकू शकते. जादा दोरी झिप टायनं बांधून टाका.

## व्हिडिओ जेलीसारखा का हलतो?

ट्रॅकवरून आल्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: "स्टॅबिलायझेशन ऑन होतं, तरी सगळं जेलीसारखं थरथरतंय." यामागचं कारण समजलं की उपायही समजतो.

आपल्याकडे ट्रॅकवर दिसणाऱ्या आर१५, आरसी ३९०, अपाचे आरआर ३१० या सगळ्या एका सिलिंडरच्या बाइक. इंजिन ९,००० आरपीएमला फिरत असेल तर ते सेकंदाला १५० वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेरीला बाइकला एक हलकासा धक्का देतं. म्हणजे थरथर १५० हर्ट्झची.

कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एका क्षणात घेत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचत जातो. ६० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १७ मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्या वेळात बाइक अडीच वेळा थरथरलेली असते. चित्राचा वरचा भाग डावीकडे, मधला उजवीकडे, खालचा पुन्हा डावीकडे. हीच जेली. स्टॅबिलायझेशन हे फ्रेम आणि फ्रेममधला फरक सरळ करायला उत्तम आहे, पण एकाच फ्रेमच्या आत वाकडं झालेलं चित्र त्याला पूर्ण सुधारता येत नाही.

त्यामुळे उपाय माउंटमध्ये शोधायचा. शाळेत बाकाच्या कडेला पट्टी दाबून तिचं टोक वाजवलंय ना? पट्टी जास्त बाहेर काढली की संथ आणि मोठी हलते, कमी काढली की ताठ राहते. माउंटचा हात म्हणजे तीच पट्टी. हाताची लांबी निम्मी केली तर त्याचा ताठरपणा आठपट होतो. लांब हाताची स्वतःची थरथर इंजिनच्या थरथरीशी जुळली की तो प्रचंड हलायला लागतो. म्हणूनच बऱ्याचदा व्हिडिओ ठराविक आरपीएमलाच फाटतो आणि बाकी वेळ ठीक असतो.

लक्षात ठेवायचं एवढंच:

- हात शक्य तितका आखूड. तीन सांध्यांऐवजी एकच सांधा.
- माउंट जड, पक्क्या भागावर. पातळ प्लॅस्टिकवर नको.
- मऊ, जाड रबर टाळा. त्यावर कॅमेरा डोलतो.
- सेशननंतर दिवसभरात एकच गोष्ट बदलून बघा, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल.

## झुकल्यावर क्षितिज सरळ ठेवायचं का?

अनेक कॅमेऱ्यांमध्ये होरायझन लॉक असतं. बाइक झुकली तरी क्षितिज आडवंच राहतं. ट्रॅकच्या लांब वळणात मात्र हे कधी कधी हळूहळू तिरकं होतं, आणि सरळ पट्ट्यावर आल्यावर परत जागेवर येतं. कॅमेरा बिघडलेला नसतो.

पाण्यानं भरलेली बादली गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, कारण पाण्याच्या दृष्टीनं "खाली" म्हणजे बादलीचा तळ. वळणात झुकलेल्या बाइकचं तसंच असतं. गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर मिळून जो एकत्र जोर तयार होतो, तो बाइकच्या सरळ खालच्या दिशेनं असतो. ४५ अंश झुकलेल्या बाइकवर हा जोर नेहमीच्या वजनाच्या १.४१ पट असतो, पण त्याची दिशा बाइकच्या मधल्या रेषेतच असते. म्हणजे कॅमेऱ्यातल्या ॲक्सलरोमीटरला बाइक उभीच वाटते. झुकाव ओळखायचं सगळं काम जायरोस्कोपवर येतं. वळण छोटं असेल तर तो बरोबर सांभाळतो, लांब वळणात ॲक्सलरोमीटर त्याला चुकीच्या दिशेनं ओढत राहतो.

शिकण्यासाठी व्हिडिओ हवा असेल तर होरायझन लॉक बंद ठेवा. मग क्षितिजाच्या तिरकेपणावरून तुम्ही कुठे किती झुकलात आणि वळणातून बाइक कधी उभी केली, हे थेट दिसतं.

## सेटिंग

रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट. ४के ६० फ्रेम असेल तर उत्तम. नसेल तर रिझोल्यूशन कमी करा, पण ६० फ्रेम ठेवा. ब्रेक नक्की कुठे लागला हे बघताना त्याचा उपयोग होतो.

शटर. ऑटो ठेवा. उन्हात शटर आपोआप वेगवान होतो आणि प्रत्येक फ्रेम स्पष्ट येते. सिनेमासारखा ब्लर मिळवण्यासाठी एनडी फिल्टर लावला तर शटर मंदावतो आणि इंजिनची थरथर चित्रात पुसट होऊन मिसळते. शिकण्यासाठी तो नकोच.

लेन्स. वाइड ठेवा. थरथर कमी जाणवते आणि वळणाचं टोक फ्रेममध्ये राहतं.

मेमरी कार्ड. व्ही३० किंवा वरचं. १०० एमबीपीएस बिटरेटला २० मिनिटांचा व्हिडिओ सुमारे १५ जीबी होतो. ६४ जीबीच्या कार्डात चार सेशन कशीबशी बसतात, १२८ जीबी घेतलेलं बरं.

उष्णता. चालत्या बाइकवर वारा कॅमेरा थंड ठेवतो. चेन्नईच्या उन्हात उभ्या बाइकवर तो तापून बंद पडतो. सेशन संपलं की रेकॉर्डिंग थांबवा आणि कॅमेरा सावलीत ठेवा.

जीपीएस. गोप्रो हीरो १३ मध्ये जीपीएस आहे, हीरो १२ मध्ये नाही. व्हिडिओवर वेग आणि लाइन दाखवायची असेल तर घेण्याआधी हे तपासा. फोनचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतं, आणि १५० च्या वेगाला तेवढ्यात तुम्ही ४० मीटरहून पुढे गेलेले असता. ब्रेकिंग पॉइंट त्यावरून ठरवू नका.

## ट्रॅकच्या दिवशीचा क्रम

१. आयोजकाला आधीच विचारा: कॅमेरा चालतो का, कुठे चालतो, दोरी सक्तीची आहे का. तपासणीला बाइक नेताना कॅमेरा लावूनच न्या.

२. सगळे बोल्ट पान्यानं घट्ट करा. नट आणि माउंट यांच्यावरून पेंट मार्करनं एक सरळ रेघ ओढा. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल.

३. कॅमेरा हातानं धरून बाइक हलवून बघा. बाइक हलायला हवी, कॅमेरा नाही.

४. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. पुढचं सस्पेन्शन दाबून बघा.

५. रेकॉर्डिंग पिट लेनमध्ये, बाइक उभी असतानाच सुरू करा. एकदा ट्रॅकवर गेलात की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. लाल दिवा लागलाय का हे तपासायला अर्धा सेकंद लागतो, आणि १५० च्या वेगाला अर्ध्या सेकंदात बाइक २० मीटर जाते.

६. प्रत्येक सेशननंतर रेघ, दोरी आणि स्टिकरच्या कडा तपासा. कड उचललेली दिसली तर त्या दिवसापुरता कॅमेरा काढा.

७. चालताना कॅमेरा हलतोय असं वाटलं तर वेग हळूहळू कमी करा, हात किंवा पाय दाखवून इशारा द्या आणि पिटमध्ये या. काही खाली पडलं असेल तर परत जाऊन उचलायचं नाही. मार्शलला कोणत्या वळणाजवळ पडलं ते सांगा.

## नेहमीचे प्रश्न

स्टिकर काढताना रंग निघेल का? हेअर ड्रायरनं एक-दोन मिनिटं गरम करा आणि फोमच्या मधून नायलॉनचा धागा करवतीसारखा ओढा. कंपनीचा मूळ रंग सहसा निघत नाही. डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेल्या भागावर स्टिकर लावूच नका.

स्वस्त माउंट चालेल का? कॅमेरा स्वस्त चालेल, माउंट नको. स्वस्त कॅमेऱ्याचा व्हिडिओ जरा धूसर येईल, स्वस्त माउंट तुटला तर त्याची किंमत मागचा रायडर मोजेल.

पहिल्याच ट्रॅक डेला कॅमेरा लावू का? पहिली दोन सेशन कॅमेऱ्याशिवाय करा. ट्रॅक, झेंडे, पिटची एंट्री आणि एक्झिट समजून घ्या. कॅमेरा सुरू आहे हे डोक्यात असलं की माणूस नकळत जास्त जोरात चालवतो. ज्या दिवशी कॅमेरा आहे हे विसरून चालवता येईल, त्या दिवशीचा व्हिडिओ बघून खरं शिकायला मिळेल.

व्हिडिओ बघताना काय बघू? पूर्ण सेशन बघत बसू नका. एकच वळण निवडा आणि प्रत्येक लॅपमधलं तेच वळण एकापाठोपाठ एक बघा. ब्रेक दर वेळी एकाच खुणेजवळ लागतोय का, आत वळायची जागा तीच राहतेय का, एवढंच तपासा. दहा लॅपमध्ये दहा वेगवेगळ्या लाइन दिसल्या तर पुढच्या सेशनचा अभ्यास मिळाला.